गोल न मारणाऱ्यांचा धागा: यंदाचा तुमचा मानकरी कोण?

तर्रीपोहा (लक्ष्मीनगर)

युरोपातल्या मोठ्या फुटबॉल लीग मे महिन्यात संपतात, आणि तेव्हा आपल्या नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. दिवसा मैदानावर पाय ठेवायची सोय नाही. मग रात्री टपरीवर बसून आम्ही बक्षिसं वाटतो: प्लेयर ऑफ द सीझन, बेस्ट इलेव्हन, सगळं. यंदा गाडी एकाच जागी अडकली. बक्षीस दरवेळी गोल मारणाऱ्यालाच का?

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, 1956 पासून देतात. इतक्या वर्षांत गोलकीपरला तो एकदाच मिळाला, 1963 मध्ये लेव याशिनला. डिफेंडर म्हणावेत असे बेकेनबाउअर, झामर, कान्नावारो, संपली यादी. 2024 मध्ये रोड्रीला, म्हणजे मागे राहून खेळणाऱ्या मिडफिल्डरला, मिळाला तेव्हा अर्धं जग असं रुसलं, जणू बोर्डात पहिला आलेल्याला डावलून चित्रकलेच्या पोराला मेडल दिलं.

तर लिहा. गोल्डन बूटवाला, म्हणजे सर्वांत जास्त गोल मारणारा, चालणार नाही. जगातला कुणीही चालेल, आपल्या मैदानावरचाही, फक्त मैदानावरच्या पोट्ट्यांची खरी नावं टाकू नका. आणि नुसतं नाव फेकून पळू नका, काय पाहिलं ते सांगा.

हातमोजे (सदर)

मी कीपर आहे, त्यामुळे माझ्याकडून निष्पक्षपणाची अपेक्षा ठेवू नका.

प्रीमियर लीगमध्ये कीपरला देतात तो गोल्डन ग्लव्ह हा प्रकार मला कधी पटलाच नाही. त्यात क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच मोजतात. म्हणजे ज्याच्यासमोर चार खमके बॅक उभे, नव्वद मिनिटांत बॉल दोनदा हातात येतो, त्याला बक्षीस. आणि ज्याच्यावर वीस शॉट येतात, सतरा अडवतो, त्याच्या नावापुढे तीन गोल खाल्ले म्हणून लिहायचं.

माझा कायमचा मानकरी भारताचा माजी कीपर सुब्रत पाल. 2011 चा एशियन कप, दोहा. भारत तिन्ही मॅच हरला: ऑस्ट्रेलियाकडून 4-0, बहरीनकडून 5-2, दक्षिण कोरियाकडून 4-1. तेरा गोल खाल्लेला कीपर, आणि लोकांनी त्यालाच स्पायडरमॅन म्हटलं! तो नसता तर किती झाले असते हे ज्याने कोरियाची मॅच पाहिली त्याला विचारा.

आणि इथला म्हणाल तर आमच्या लीगमध्ये तळाला राहिलेल्या टीमचा कीपर. मैदान मुरमाचं. डाइव्ह मारली की कोपर सोलून निघतं, म्हणून तो जुन्या मोज्यांचे पंजे कापून कोपरांवर चढवतो आणि वरून फुल बाह्यांचा शर्ट घालतो, भर एप्रिलात. आमच्याशी मॅच होती तेव्हा आमच्या फॉरवर्डने अगदी जवळून जमिनीलगत मारला. तो आधीच उजवीकडे पडलेला होता. तिथून त्याने डावा पाय मागे फेकला आणि टाचेने बॉल बाहेर काढला. आमच्याच बाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मॅच आम्ही 3-0 ने जिंकलो. मॅन ऑफ द मॅच आमचा फॉरवर्ड, त्यातला एक गोल पेनल्टीचा.

स्टॉपर (कामठी)

मले तं हसूच येऊन राह्यलं. तुमी पोट्टे टीव्हीवर पाहून भांडता. टीव्हीत बॉल दिसते. बॉलपासून तीस पावलं दूर जो माणूस जागा धरून उभा हाय, थो कुठी दिसते?

कामठीत छावणी 1821 पासूनची, अन् फुटबॉल आमच्याकडं पलटणीच्या पोरांपासून आला असं आमचे म्हातारे सांगत. आमच्या टायमाले एक राइट बॅक होता. पायात फारसा दम नाही, हेडर बी बेताचाच. पण तोंड! पूर्ण मॅच बोलत राहे. "मागं माणूस हाय", "सोड, बाहेर जाऊ दे", "तू नोको येऊ, तू तिथंच राह्य". त्याचा गळा बसला का आमी हारलो समजा.

एका सेमीफायनलले त्याले ताप होता म्हणून बाहेर बसवला. तं थो लाइनीवरून वरडत राह्यला. रेफरीनं समज देली, आयकला नाही, मंग मैदानाच्या बाहेर काढला. थो गेला अन् बाजूच्या लिंबाच्या झाडावर चढला. तिथून वरडे! रेफरी वर पाहे अन् मान हालवे, झाडाले कार्ड कसं दाखवन? जितलो आमी. पुढं फायनलमंदी बेस्ट प्लेयरचा कप आमच्या सेंटर फॉरवर्डले भेटला. त्याचा गोल बी कसा, त्याच्या नडगीले लागून आत गेला, त्यालेच समजलं नाही.

माह्यं मत त्या राइट बॅकले. आता टेलरिंगचं दुकान हाय त्याचं. तिथंबी बोलतच राह्यते.

नावातकायआहे

मेस्सी.

तर्रीपोहा

काहून बे, वरचं वाचलं नाही का?

मिहानकर

कामठीच्या काकांना पूर्ण गुण, पण एका गोष्टीवर वाद घालतो. "कुणी दखल घेत नाही" म्हणून ज्यांची नावं घ्यायची फॅशन आहे, त्यांची दखल घेऊन घेऊन झाली आहे. माकेलेले घ्या, बॅकच्या पुढे उभा राहून बॉल हिसकावणारा मिडफिल्डर. 2003 च्या उन्हाळ्यात रियाल माद्रिदने बेकहॅम घेतला, माकेलेले चेल्सीला विकला आणि पुढची लीग जिंकायला रियालला 2007 उजाडलं. हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे, मैदानावरच्या त्या जागेला त्याचं नाव पडलं. त्याला उपेक्षित म्हणणं बंद करा. त्याच जागेवरच्या चेल्सीच्या कांटेचंही तेच. 2016-17 मध्ये पूर्ण प्रीमियर लीगमध्ये एक गोल, तरी खेळाडूंनीही त्यालाच निवडलं आणि पत्रकारांनीही.

खेळाडू मत देतात तेव्हा असं होऊ शकतं, हा मुद्दा लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या संघटनेचा पुरस्कार 1974 मध्ये सुरू झाला आणि पहिला मानकरी लीड्सचा नॉर्मन हंटर होता. डिफेंडर, तोही भल्याभल्यांना घाम फोडणारा. ज्याला समोर उभं राहून त्याच्या लाथा खाव्या लागल्या, त्याला त्याची किंमत कळते.

खरा उपेक्षित हवा असेल तर 2003-04 चा आर्सेनल. एकही लीग मॅच न हरता 38 सामने. बक्षीस फॉरवर्ड ऑन्रीला, आणि ते योग्यच. पण कीपर लेमान अडतीसच्या अडतीस खेळला हे किती जणांना आठवतं? मिडफिल्डर गिल्बर्टो सिल्वा तर त्याच्या दीड-दोन वर्षं आधी ब्राझीलकडून वर्ल्ड कप जिंकून आलेला. माझ्या ऑफिसच्या कॅबमध्ये आर्सेनलचा टी-शर्ट घालणारे दोघं आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, कोण सिल्वा, मँचेस्टर सिटीवाला ना?

आणखी एक. बॅलन डी'ओरच्या नावाने बोटं मोडताना आपल्याकडची यादी बघा. एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू: 2009 सुब्रत पाल, कीपर. 2010 गौरामांगी सिंग, डिफेंडर. 2019-20 गुरप्रीत, कीपर. 2020-21 संदेश झिंगन, डिफेंडर. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत असं नाही. आपल्या क्लबांत नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य फॉरवर्डच्या जागेवर वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू, त्यामुळे भारतीय पोरगा चमकायचा तर मागेच. छेत्री हा अपवाद.

हातमोजे (सदर)

2024-25 ला शुभाशिष बोसला मिळाला तो विसरला. लेफ्ट बॅक, मोहन बागानचा कॅप्टन.

मिहानकर

विसरलो नाही, मुद्दाम सोडला. त्या सीझनला त्याने सहा गोल मारले होते. बॅकला बक्षीस हवं तर त्याने आधी फॉरवर्डचं काम करून दाखवायचं, असा अर्थ निघतो. ते नसते मारले तर टीमने आयएसएलची शील्ड आणि कप दोन्ही जिंकूनही त्याचं नाव आलं असतं का, सांगा.

लेफ्ट बॅक ताई (जरीपटका)

मुलींच्या फुटबॉलबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून मीच येते. आशालता देवी, 2018-19 ची एआयएफएफची सर्वोत्तम महिला खेळाडू, भारताची कॅप्टन राहिलेली, डिफेंडर. माझ्या कपाटाच्या आत तिचा फोटो आहे. बाहेर लावला तर आई विचारते, ही कोण, अभ्यास कर.

पण माझं मत आमच्या टीममधल्या एका मुलीला. ती मिडफिल्डला खेळते, खेळ सांगायचा तर बरा, फार ग्रेट नाही. थ्रो-इन मात्र असा लांब टाकते की समोरची टीम कॉर्नरसारखी उभी राहते. मुद्दा वेगळा आहे. आमच्यातल्या निम्म्या मुलींच्या घरी संध्याकाळी सहानंतर बाहेर जायला परवानगी नाही. ही प्रत्येकीच्या घरी गेली. हॉलमध्ये बसली, चहा प्यायली, बाबांना सांगितलं, "काका, मी स्वतः नेते आणि स्वतः सोडते." आणि खरंच सोडते. प्रॅक्टिस संपली की तिची अ‍ॅक्टिव्हा मैदान ते इंदोरा, परत मैदान, मग मेकोसाबाग, परत मैदान. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलं तर म्हणते, मला पास नीट दे, तेवढं पुरे. एकदा एकीच्या आजोबांनी ठाम नाही म्हटलं, तर तिने त्यांनाच मैदानावर आणून खुर्चीवर बसवलं. आता ते आजोबा ऑफसाइडवरून रेफरीशी भांडतात.

आमच्या कोचचं म्हणणं, हे खेळाच्या बाहेरचं काम, याला खेळाचं बक्षीस कसं देणार? मला ते पटत नाही. ती नसती तर आमच्या अकरा झाल्या नसत्या.

मिहानकर

कोच बरोबर आहेत, ताई. तिला दुसरं काहीतरी द्या, मोठं द्या. पण प्लेयर ऑफ द सीझन म्हणजे मैदानावरचं.

लेफ्ट बॅक ताई

दुसरं काहीतरी म्हणजे टिफिन डबा. दरवर्षी तेच देतात.

लाइनवाला काका (धंतोली)

मी झेंडा धरतो. लाइनीवर उभं राहिलं की जे दिसतं ते ना प्रेक्षकाला दिसतं, ना रेफरीला. मला सर्वांत आधी दिसतो तो मागे धावणारा विंगर. पुढे सगळेच धावतात. बॉल गेल्यावर कोण उलटा वळतो आणि कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणून माझा माणूस पार्क जी-सुंग. फेब्रुवारी-मार्च 2010, चॅम्पियन्स लीग, त्याची मँचेस्टर युनायटेड आणि मिलान. पार्कला एकच काम होतं, मिलानचा खेळ रचणाऱ्या पिर्लोला बॉल घेऊन वर बघू द्यायचं नाही. मिलानमध्ये 3-2, घरी 4-0. त्या दुसऱ्या मॅचमध्ये पार्कने वर एक गोलही मारला. त्या सीझनचं बक्षीस युनायटेडच्याच रूनीला गेलं, गोल त्याचे भरपूर होते, तक्रार नाही. पण पिर्लोसारख्या माणसाला दोन मॅच गप्प ठेवणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

आपल्याकडे असा एक पोरगा आहे, मोतीबागच्या बाजूला खेळतो. डबा पोहोचवायचं काम करतो, दुपारभर सायकलवर. मला वाटायचं हा दमलेला येणार. सेकंड हाफच्या शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या लाइनीवरून जेवढ्या वेळा तो मागे जातो तेवढ्या वेळा मीही जात नाही. बॉल हिसकावतो, जवळच्याला देतो, हात वर करत नाही, कुणाकडे बघत नाही. एकदा मीच झेंडा खाली ठेवून टाळी वाजवणार होतो. शोभलं नसतं.

बाकावरचा (गोकुळपेठ)

दुसऱ्या कीपरबद्दल कुणी बोलणार नाही हे माहीत होतं. मी स्वतः तोच. पूर्ण सीझन वॉर्मअपला पहिल्या कीपरवर शॉट मारायचे आणि मग जॅकेट घालून बसायचं. नागपूरच्या उन्हात जॅकेट, कारण बाकावरच्यांनी घालायचे रंगीत बिब संपले होते.

तेव्हाचा लिव्हरपूलचा दुसरा कीपर केलेहर हा आमच्यासारख्यांचा देव. पहिला कीपर अ‍ॅलिसन, त्याच्यामुळे हा बाकावर. 2022 ची लीग कप फायनल, चेल्सीसमोर पेनल्टी 10-10 वर आली आणि कीपरना मारायची वेळ आली. केलेहरने मारली, आत. चेल्सीचा केपा खास शूटआउटसाठीच मैदानात उतरवलेला, त्याने आकाशात मारली. 11-10. एवढं करूनही पुढच्या लीग मॅचला पुन्हा बाकावर! मी रात्री मोबाइलवर बघत होतो, ओरडलो तर बाबांनी लाइट लावला.

तर्रीपोहा

नावं भरपूर झाली. आता आमच्या मैदानावरच्या बक्षिसाचं सांगतो. यंदा बेस्ट डिफेंडर असा एक कप वाढवायचं ठरलं, हे याच धाग्याचं फळ समजा. सीताबर्डीत कपाच्या दुकानात गेलो. फुटबॉलचे सगळे कप पाहिले, छोटे-मोठे. प्रत्येकावर किक मारणारा माणूस. पाय मागे, बॉल पुढे. कीपर आहे का विचारलं, नाही. टॅकल मारणारा? दुकानदार म्हणाला, "भाऊ, असा साचाच येत नाही. खालच्या पाटीवर काय पाहिजे ते कोरून देतो, वरचा माणूस हाच." मग क्रिकेटच्या फळीत बघितलं तर विकेटकीपर मात्र होता. तोच घ्यावा का, यावर सध्या टपरीवर मतदान चालू आहे.

हातमोजे (सदर)

घ्या. निदान हातमोजे तरी आहेत.

स्टॉपर (कामठी)

बाहुली घेऊन काय करन थो? बॅकवाल्याचे बूट सगळ्यात आधी फाटते, टॅकल मारू मारू. कपाचे पैसे हायेत तं त्याले बूट घेऊन द्या. साइज पह्यले इचारून घेजा, मांगं आमी अंदाजानं आणले तं एक नंबर लहान निघाले, अन् दुकानदार वापस घ्याले तयार नाही.