काळ्या जमिनीवरील घरात पॅसेज, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासाठी कोणती फरशी घ्यावी?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. काळ्या जमिनीवर आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. भिंती आणि स्लॅब झाला असून फरशीचा निर्णय व्हायचा आहे. ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत एक लांब पॅसेज आहे आणि शेताकडची सगळी ये-जा त्यातूनच होते. पावसाळ्यात चिखलाचे पाय, हंगामात कापसाची गाठोडी आणि तुरीची पोती, उन्हाळ्यात पऱ्हाटीचे भारे. स्वयंपाकघरात ओटा असला तरी आई खाली बसूनच भाजी चिरते आणि पाटा-वरवंटाही वापरात आहे. तिचे वय सत्तरीच्या पुढे असल्यामुळे न्हाणीघरात घसरण्याची भीती वाटते. मिस्त्री म्हणतात की संपूर्ण घरात दोन बाय दोन फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड (खूप उष्णतेत भाजून घट्ट केलेली) टाइल बसवावी. तिन्ही ठिकाणी एकच फरशी चालेल का? पाणी बोअरचे आहे.

उत्तर १ (बांधकाम पर्यवेक्षक, अमरावती)

दादा, फरशी निवडण्याआधी जोत्याच्या आत कशाचा भराव केला आहे, हे मिस्त्रींना विचारून घ्या. पायव्यातून निघालेली काळी मातीच पुन्हा आत लोटण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत वावराला ज्या भेगा पडतात, त्याच हालचाली घराखालीही होतात. कॉलमवर उभ्या असलेल्या भिंती जागेवर राहतात, पण भरावावर टेकलेली फरशी वर-खाली होते आणि मग भिंतीलगत फट पडते किंवा खोलीच्या मध्यातून तडा जातो. तेथे कितीही महाग टाइल लावली तरी उपयोग होत नाही. काळी माती शक्य तेवढी काढून मुरूम भरावा, तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकून घ्यावा आणि त्यावर सुमारे १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट टाकून मगच फरशीचे काम सुरू करावे. घराभोवतीचे पावसाचे पाणी जोत्याशी मुरू न देणेही तेवढेच महत्त्वाचे आहे.

पॅसेजसाठी माझे मत कोटा फरशीच्या बाजूने आहे. पायांबरोबर येणारी रेती चकचकीत टाइलवर बारीक ओरखडे पाडते आणि सब्बल (पहार) पडून कपचा उडाला तर चकाकीखालचा वेगळा रंग कायमचा दिसत राहतो. कोटा आरपार एकाच रंगाचा असतो आणि झिजला तर पुन्हा घासून पॉलिश करता येतो. शहाबादी स्वस्त पडते, परंतु तिचे पापुद्रे निघतात. ती अंगणात किंवा ओसरीच्या पायऱ्यांना वापरावी.

उत्तर २ (गृहिणी, हिंगणघाट)

पॅसेजबद्दल वरील मत मला पटते. स्वयंपाकघरात मात्र कोटा घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोटा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याचे दगड आहेत. लिंबू, चिंच किंवा ताक सांडले आणि लगेच पुसले गेले नाही, की पॉलिश उडून तेवढा भाग निस्तेज होतो, आणि खाली बसून काम करणाऱ्या घरात असे सांडणे रोजचेच असते. तेलाचे डागही आत मुरतात. तेथे मॅट (चकाकी नसलेली) व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे हळदीचा डाग टाइलवर टिकत नाही; टिकतो तो सांध्यात. म्हणून सांधे पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सीने (डाग न शोषणाऱ्या रेझिनच्या मसाल्याने) भरावेत. खर्च वाढतो, पण तो स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढ्यापुरताच आहे. पाटा-वरवंट्याखाली जाड गोणपाट ठेवावे.

उत्तर ३ (दर्यापूर, जि. अमरावती)

आम्ही पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या भागात, राहतो आणि तुमचेही पाणी बोअरचे आहे, म्हणून न्हाणीघराविषयी सविस्तर लिहितो. चकचकीत टाइल तेथे अजिबात नको. साबणाचे पाणी पडले की वयस्कर माणसाचा पाय तिच्यावर ठरत नाही. खरबरीत पृष्ठभागाची, एक बाय एक फुटाची टाइल घ्यावी. लहान टाइलला सांधे अधिक येतात, त्यामुळे पायाला पकड मिळते आणि पाणी बाहेर जाण्याच्या जाळीकडे उतार देणेही सोपे जाते. हा उतार दर मीटरला १ ते सव्वा सेंटिमीटर असावा. भिंतीसाठी विकली जाणारी टाइल उरली म्हणून खाली लावू देऊ नका. ती १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते आणि वजनासाठी बनवलेली नसते.

टाइल लावण्याआधी जलरोधक थर देऊन, जाळी बंद करून, किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे आणि बाजूच्या भिंतीला ओल येते का ते पाहावे. ही तपासणी मिस्त्री टाळतात, पण आपण तेथे उभे राहून ती करून घ्यावी.

जड (क्षार असलेल्या) पाण्याचा पांढरा थर काढण्यासाठी शौचालयाचे ॲसिड वापरले जाते; ते सिमेंटचे सांधे खाते आणि बाहेर ओघळले तर कोटाही खराब करते. त्यापेक्षा अंघोळीनंतर रबरी वायपरने पाणी ओढून घेण्याची सवय उपयोगी पडते. आईंसाठी भिंतीला धरायला स्टीलचा दांडा अवश्य बसवा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भरावाची चौकशी केली. दोन खोल्यांत काळी मातीच आहे, ती काढून घेतो. एक शंका उरते: कोटा जाड आणि टाइल पातळ, मग पॅसेज व स्वयंपाकघर एका पातळीत कसे येतील?

उत्तर १ (बांधकाम पर्यवेक्षक, अमरावती)

कोटा साधारण २० ते २५ मिलिमीटर आणि टाइल ८ ते १० मिलिमीटर जाडीची असते. हा फरक टाइलखालच्या सिमेंट-रेतीच्या थरात भरून निघतो, परंतु त्यासाठी तयार फरशीची पातळी आधीच पाण्याच्या नळीने सर्व भिंतींवर आखून घ्यावी लागते. न्हाणीघर मात्र पॅसेजपेक्षा दोन सेंटिमीटर खाली ठेवा आणि दारात उंच उंबरठा देऊ नका, कारण आईंचा पाय त्यालाच अडखळेल. टाइल बसवल्यावर प्रत्येक टाइल काठीने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ती त्याच दिवशी, सिमेंट ओले असतानाच, काढून पुन्हा बसवून घ्या.