पहिली-दुसरीच्या प्रगतिपुस्तकात श्रेणी हवी कशाला?

लालबागकर:
राज्य मंडळाच्या शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे सत्रभर वर्गात केलेल्या कामाचे ७० गुण, संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे ३० (१० तोंडी, २० लेखी), आणि बेरजेवरून श्रेणी. आता दोन मुलं घ्या. एकाला आकारिकमध्ये ६५, संकलितमध्ये १२. दुसऱ्याला ४९ आणि २८. दोघांचे ७७, दोघांना ब-१. पहिलं वर्गात फडाफडा उत्तरं देतं, पेपर समोर आला की अडतं. दुसऱ्याचं नेमकं उलट. पालकाला यातलं काय कळलं? डोंबल!
शिवाय वय. प्रवेशासाठी वय मोजायची मानीव तारीख ३१ डिसेंबर, म्हणजे जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं मूल एकाच बाकावर. या वयात अकरा महिन्यांचा फरक पेन्सिल धरण्यातसुद्धा दिसतो. दुसरीपर्यंत श्रेणी काढून टाका, फक्त वर्णनात्मक नोंदी ठेवा.

त्रैराशिक:
साफ असहमत. त्या नोंदी वाचल्यात का कधी? ‘वाचनात सहभाग घेतो’, ‘गणितात सराव आवश्यक’, ‘चित्रकलेची आवड’. तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यातून उचललेल्या. नाव झाकलं तर पुस्तक कोणाचं ते ओळखता येणार नाही. क-२ निदान गोड बोलत नाही: ४१ ते ५०, लक्ष घाला.
आणि २०२३ च्या निर्णयानंतर पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, विषयाला ५० गुण, पास व्हायला ३५ टक्के. पुनर्परीक्षेतही राहिलं तर मूल पाचवीतच. आधीची वर्षं नुसतं ‘छान प्रगती’ वाचलेल्या पालकांनी तेव्हा काय करायचं?

खडूफळा:
बाईंना नावं ठेवण्याआधी हिशोब करा. विषय सहा, पट ४०, सत्रं दोन: ४८० नोंदी. ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने वेगळेच. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात बसून लिहिल्या की एकसारख्याच निघणार. रोज चार-पाच मुलांची एकेक ओळ वहीत टिपली तर काहीतरी हाती लागतं.
उदाहरणार्थ, ५२ − २७ = ३५ लिहिणारं मूल. ते दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान वजा करतंय: सातातून दोन, पाचातून दोन. ‘सराव आवश्यक’ वाचून घरचे अशीच आणखी वीस गणितं घालणार, चूक पक्की होणार. नोंद हवी: ‘दशक सुटा करत नाही’. मग घरी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि त्यातला एक त्यालाच सोडायला लावायचा.

त्रैराशिक:
अशी नोंद देणारी शाळा दाखवा, श्रेणी सोडली.

कांदिवली_पूर्व:
पालकसभेत वाट्याला पाच मिनिटं येतात. ‘कसा आहे अभ्यासात?’ विचारलंत की ‘बरा आहे’ ऐकून घरी. त्यापेक्षा आकारिक आणि संकलितचे गुण वेगळे विचारा, उत्तरपत्रिका बघायला मागा. वाचन घरीच तपासा, पण शिकवलेल्या धड्यावर नको; तो मुलं चित्र बघून घडाघडा म्हणतात. बालभारतीचा पुढचा, न शिकवलेला धडा उघडा आणि बोट कुठे थांबतं ते बघा. जोडाक्षरावर थांबणारं आणि काना-मात्रेवरच थांबणारं, दोघांचा अभ्यास वेगळा.

लालबागकर:
हे पटलं. मग प्रगतिपुस्तकातच दोन्ही गुण वेगळे छापा की! पण वयाच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही.

त्रैराशिक:
बोलतो. तिसरीत ७०-३० चं ६०-४० होतं, पाचवीत ती परीक्षा. तिथे डिसेंबरच्या मुलाला कोण सवलत देतं? मग दुसरीत श्रेणी झाकून त्याची सोय झाली की गैरसोय?