सान ब्याजोचा तुकडा आणि पास्तिएरातले गहू

मिलान, २६ जानेवारी
विषय: पानेत्तोने ३ फेब्रुवारीपर्यंत ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात पुण्याहून मिलानला आले, इथे पहिल्यांदाच लिहितेय. नाताळात ऑफिसातून पानेत्तोने, म्हणजे इथला नाताळचा गोड पाव, मिळाला, निम्मा उरलाय. काल जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. म्हणाल्या, "३ तारखेसाठी तुकडा राखलास ना?" मी हो म्हटलं, पण कळलं काहीच नाही. आणि बेकरीत चिरोट्यांसारखं, वर पिठीसाखर भुरभुरलेलं काहीतरी दिसायला लागलंय, ते काय? एप्रिलात सासूबाई येताहेत. त्यांना अंडं चालतं, मांस अजिबात नाही. इथलं सणाचं काय करून घालू?

---

बेर्गामो, २७ जानेवारी
विषय: उत्तर: पानेत्तोने ३ फेब्रुवारीपर्यंत ठेवायचा?

अगं, तो तुकडा टाकू नकोस!

३ फेब्रुवारी म्हणजे सान ब्याजो. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला या संताने वाचवलं, अशी कथा आहे, म्हणून तो घशाचा रक्षणकर्ता. त्या दिवशी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला आशीर्वाद देतात. मिलानमधली माणसं सकाळी उपाशीपोटी नाताळातल्या पानेत्तोनेचा उरलेला तुकडा खातात. जरा कोरडा झाला असेल, तर रेडिएटरवर थोडा वेळ ठेव. आतलं लोणी सैल होतं आणि घरभर वास सुटतो. लोणी काही थोडं नसतं. २००५ च्या सरकारी नियमाप्रमाणे निदान १६ टक्के लोणी आणि २० टक्के बेदाणे व पाकातल्या साली असल्याशिवाय पानेत्तोने म्हणून विकताच येत नाही.

ते चिरोटे म्हणजे कियाक्केरे, कार्निव्हालचं तळण. आपल्या होळीच्या आगेमागेच येतं. जपून घ्या, जुन्या रीतीने ते स्त्रुत्तोत, म्हणजे डुकराच्या चरबीत तळतात. बरेच जण आता तेल वापरतात, तरी विचारल्याशिवाय घेऊ नका.

सासूबाईंसाठी मात्र पास्तिएरा कर. मी अकरा वर्षं नेपल्समध्ये काढली, म्हणून हे हक्काने सांगतेय. ईस्टरचा हा गोड पदार्थ आत चक्क गव्हाचा असतो. शेजारणीच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उभीच राहिले. गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं. मग दूध, लोणी आणि लिंबाची साल घालून ते मंद आचेवर असे आटवले, की डाव उभा राहावा. मला मिरजेची आमची खीरच दिसली. फक्त इथे गुळाऐवजी साखर, आणि जोडीला घोटलेला रिकोत्ता (मऊ पनीरसारखं चीज), अंडी, पाकातल्या साली आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. ते पाणी बेताने घाल, चमचाभर जास्त झालं तरी अत्तर खाल्ल्यासारखं होतं. शिजवलेले गहू बरणीत तयार मिळतात, पण भिजवलेल्याची चव त्यांना नाही.

खालच्या पारीत तिथे पारंपरिकपणे चरबीच घालतात, म्हणून बाहेरून आणू नकोस. घरी लोण्याची पारी लाट, छान होते.

आणि ती लगेच कापायची नाही. गुरुवारी किंवा शुक्रवारी भाजायची आणि ईस्टरच्या रविवारी खायची. पहिल्या वर्षी मी शुक्रवारीच कोमट कापली. शेजारीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा नैवेद्याआधी पानातलं उचलल्यावर आमच्या आजीचा व्हायचा तसा झाला. रविवारी तिच्याकडची खाल्ली तेव्हा समजलं. दोन दिवसांत गहू, रिकोत्ता आणि फुलांचा वास एकजीव झाले होते. ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आसपास येतो. सासूबाईंना तारीख लक्षात राहील!

एक आणखी. दुकानात 'फार्रो' दिसतो ना, त्यातल्या पाकिटावर 'दिकोक्को' लिहिलेलं बघून घे. तो आपला खपली गहू. 'पेर्लातो' लिहिलेला लवकर शिजतो. गूळ घालून खीर करून बघ, मग मला कळव.

काकू

---

मिलान, ४ फेब्रुवारी
विषय: उत्तर: उत्तर: पानेत्तोने ३ फेब्रुवारीपर्यंत ठेवायचा?

काकू,

काल सकाळी चहाच्या आधी खाली गेले. आजींनी त्यांचा तुकडा ताटलीत आणि माझ्यासाठी एक कागदी रुमालात ठेवला होता. माझा मी घरून नेला होता, तोही त्यांनी निम्मा करून घेतला. खाताना त्या गळ्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या, मीही ठेवला.

फार्रो दिकोक्को मिळाला. रात्रभर भिजवून खीर केली. पुण्याहून आणलेल्या गुळाचा शेवटचा खडा त्यात गेला. वाटीभर आजींना दिली. त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "यात रिकोत्ता नाही?" त्यांची आई नेपल्सजवळच्या सालेर्नोची होती म्हणे. एप्रिलात पास्तिएरा आम्ही तिघी मिळून करणार आहोत. सासूबाईंना फोनवर सांगितलंय, शुक्रवारी भाजली तरी रविवारपर्यंत झाकण उघडायचं नाही.