मदत हवी आहे : किमान वेतनात चौघांचे घर कसे चालवावे?

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डिंगचे काम करतो आणि अनगोळमध्ये भाड्याच्या खोलीत बायको व दोन मुलांसह राहतो. मालकाच्या म्हणण्यानुसार त्याला किमान वेतन पूर्ण मिळते. मात्र पगारचिठ्ठीवर मूळ पगार, महागाई भत्ता आणि ओव्हरटाइम यांची एकच रक्कम असते, आणि त्यातून पीएफ कापून गेल्यावर भाडे, गॅस व शाळेची फी भागवताना किराणा दुकानातली उधारी काही फिटत नाही.

किमान वेतन ठरवण्यासाठी १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्यामागे तीन प्रौढांइतका खर्च, प्रत्येकी रोज २७०० कॅलरींचा आहार आणि कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड धरले. शिक्षण व औषधपाणी १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यात आले. कागदावर हिशोब चोख आहे, एवढेच म्हणतो.

ओव्हरटाइम दुप्पट दराने वेगळा द्यायचा असतो, तो किमान वेतनात मिसळता येत नाही, असे माझे मत आहे. कर्नाटकात दर एप्रिलला बदलणारा महागाई भत्ता धरून कुशल कामगाराचा चालू दर किती, आणि कामगार खात्याकडे मराठीतून अर्ज दिल्यास तो स्वीकारतात का? बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात कोणी अशी तक्रार केली असेल, तर नोकरी शाबूत ठेवून ती कशी मांडली, हे कृपया सविस्तर कळवावे.