अणुवीज केंद्राची ‘सुरक्षा’ की ‘सुरक्षितता’?

प्रश्न: तारापूरबद्दलचा मजकूर तपासतेय. एकाच परिच्छेदात ‘केंद्राची सुरक्षा’ दोनदा आलंय, एकदा पहाऱ्याबद्दल आणि एकदा अणुभट्टीबद्दल. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

उत्तर: चालवू नका. कुंपण, पहारा, घुसखोरी, चोरी यांचा विषय असेल तिथे ‘सुरक्षा’. यंत्र बिघडलं तरी माणसाला इजा होऊ नये, ही तजवीज म्हणजे ‘सुरक्षितता’. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ रोजी फाटकातून कोणी घुसलं नव्हतं. त्सुनामीचं पाणी डिझेल जनित्रांपर्यंत पोचलं, वीज गेली आणि भट्ट्या थंड ठेवणं थांबलं. भट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते! आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात १९९३ साली टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या, केंद्राची सगळी वीज गेली. पहारेकऱ्यांचा यात कुठे संबंध येतो?

उत्तर: भेद पटतो, पण रूढी तशी नाही. ‘रस्ता सुरक्षा’ आपण म्हणतोच. २००६चा अन्न सुरक्षा कायदा खाद्यपदार्थांच्या दर्जाबद्दल आणि २०१३चा रेशनच्या धान्याबद्दल. संदर्भाने कळतं.

उत्तर: अन्नात कळत असेल, इथे नाही. इथे ‘ऊर्जा सुरक्षा’ हा तिसरा अर्थही आहे: वीज कमी न पडणं. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाच्या परिसरातला मच्छीमार विचारतो केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल. त्याला ‘देशाच्या ऊर्जा सुरक्षेसाठी’ असं ऐकवलं, तर त्याच्या प्रश्नाला उत्तरच मिळालेलं नसतं.

प्रश्न: आणि ‘नियंत्रक’, ‘नियामक’?

उत्तर: भट्टी प्रत्यक्ष चालवणारा तो नियंत्रक. नियम घालणारा, तपासणारा, परवाना रोखू शकणारा तो नियामक. म्हणून १९८३ साली स्थापन झालं ते ‘अणुऊर्जा नियामक मंडळ’. पण हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा विभागाचेच सचिव. महालेखापरीक्षकांनी २०१२ साली नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. जपानातही तपासणारी संस्था उद्योग मंत्रालयाखाली होती. २०१२ मध्ये ती मोडून त्यांनी वेगळं प्राधिकरण नेमलं. आपल्याकडे डिसेंबर २०२५च्या ‘शांती’ या अणुऊर्जेविषयीच्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा (म्हणजे थेट कायद्याचा आधार) दिला, त्याचबरोबर खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी केली. त्यामुळे नुसतं ‘सरकारी नियंत्रण’ आता पुरत नाही. मालकी, चालवणं की नियमन, यातलं काय अभिप्रेत आहे ते प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा.