विषय: कॅनॉलच्या कडेनं सायकल, मुलं आणि बाबा दोघांना जमेल असं

नमस्कार मंडळी,

आमचा धाकटा आता ९ वर्षांचा झालाय आणि सायकल छान चालवतो, पण गाड्यांच्या रस्त्यावर त्याला घेऊन जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ह्यांचं म्हणणं, जायचं तर दोन-तीन रात्री बाहेर राहून जाऊ, पार्कात गोल फिरण्याला टूर कशाला म्हणायचं. वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदीच्या काठानं जाणाऱ्या जुन्या सी अँड ओ कॅनॉलच्या वाटेनं मुलांना घेऊन कुणी गेलंय का? चढ किती, पाणी मिळतं का, राहायचं कुठं? सोलापूरचे दादा दोनदा जाऊन आलेत, पण ते सध्या तिकडं गेलेत ना? मेल बघत असाल तर दादा जरा सविस्तर लिहा.

– रॉकव्हिलहून

*

वहिनी, नमस्कार. मेल बघतोय, सोलापुरातच आहे, फेब्रुवारी संपेपर्यंत इथंच.

आधी चढाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटर, सोलापूर-पुण्यापेक्षा जास्त, आणि एवढ्या अंतरात एकूण चढ फक्त ६०५ फूट. तोही अंगावर येत नाही कारण तो ७४ लॉकमध्ये वाटून दिलाय. लॉक म्हणजे पाण्याची पायरी, बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरून बोट सरासरी आठ फूट वर उचलायची. त्यामुळं दोन लॉकच्या मधली वाट ताटासारखी सपाट आणि लॉक आलं की दगडी भिंतीशेजारी एक छोटीशी चढण, दहा-बारा पायडल मारले की संपली. मुलगा तर लॉक मोजतच जाईल.

वाट सपाट का, तर तिच्यावरनं खेचरं चालायची. बोटीला इंजिन नव्हतं, काठावरनं दोरानं ओढायची. एक जोडी ओढायला आणि दुसरी बोटीतच पुढच्या बाजूला तबेल्यात विश्रांतीला, मग पाळी बदलायची. १८२८ ला काम सुरू झालं, कंबरलँडला पोचायला १८५० उजाडलं, कोळसा वाहिला आणि १९२४ च्या पुरानंतर कायमचं बंद पडलं. पुढं तिथनं मोटाररस्ता काढायचा घाट होता. विल्यम डग्लस म्हणून सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते, त्यांनी १९५४ ला रस्त्याच्या बाजूनं लिहिणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर ही वाट चालून बघा आणि मग लिहा, आणि स्वतः शेवटपर्यंत चालले. रस्ता झाला नाही, १९७१ ला राष्ट्रीय उद्यान झालं. तिथनं जाताना मला दर वेळी त्या माणसाची आठवण येते. एकाही गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही ते त्यांच्यामुळं.

आता इथलं. मी बाबांसाठी आलोय. बाबा ६८ वर्षांचे आहेत, मिलमध्ये होते, भोंगा व्हायच्या आधी घरातनं सायकलवर निघायचे, तीस वर्षं तेच. चार वर्षांपूर्वी होटगी रोडला एका टमटमनं हँडलला कट मारला, खांदा निखळला आणि सायकल जी पडवीत लागली ती लागलीच. चालवायची भीती नव्हती त्यांना, पण आईनं शपथ घातली. सप्टेंबरमध्ये दोघं माझ्याकडं येणार आहेत आणि बाबांना कॅनॉलवर न्यायचं मी मनात धरलंय, म्हणून सवय करायला रोज पहाटे त्यांना गाडीत घालून मोहोळच्या बाजूला नेतो, सायकली मागं बांधून, आणि उजनीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरनं चालवतो. आपल्याकडं कालवा शेतीसाठी, बोटी कधीच नव्हत्या, पण देखरेखीसाठी कडेनं मुरमाची पट्टी असते, ट्रॅक्टर सोडला तर कुणी नाही. पहिल्या दिवशी पाटकऱ्याला विचारलं, तो म्हणाला जावा की, फक्त आवर्तन चालू असताना दारांजवळ जाऊ नका, ओढ असती.

पहिल्या दिवशी बाबा चार किलोमीटर गेले. थांबून मागं बघितलं आणि म्हणाले, "चढ कुठाय बे?" मी म्हटलं नाहीच. त्यावर काही बोलले नाहीत, वळले आणि परत निघाले, माझ्या पुढं.

तिसऱ्या दिवशी वेड्या बाभळीचा काटा घुसला. माझ्याकडं पंप होता, पॅच होते, टायर काढायचे लिव्हर घरी राहिलेले. बाबांनी डब्यातला स्टीलचा चमचा काढला, दांड्यानं टायर उचलला, ट्यूब ओढून पाटाच्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडा कुठनं येतोय ते बोट ठेवून दाखवलं. मग दगडावर घासली, सोल्यूशन लावून फुंकर मारत बसले, घाई करायची नाही, वाळू दे म्हणे. पॅच लावल्यावर टायर आतनं बोटांनी चाचपला, काट्याचं टोक अजून तिथंच होतं. मी असतो तर तसाच टायर चढवला असता आणि एक किलोमीटरवर परत बसलो असतो. वहिनी, हे मुलालाही शिकवा, तिथं काटा नसला तरी खडी आहे.

सपाट वाटेचा एक त्रास मात्र सांगतो, कुणी सांगत नाही. उतार नाही म्हणजे पायडल थांबवायची वेळच येत नाही, तासन् तास त्याच जागी बसून त्याच लयीत. पाय दुखत नाहीत, बूड दुखतं आणि तळवे बधिर होतात. दर वीस मिनिटांनी उभं राहायचं, चारपाच पायडल उभ्यानं मारायचे, हँडलवरची पकड बदलायची. सीट मऊ घेऊन उपयोग नाही, मापाची घ्या.

बाकी: टायर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, मडगार्ड हवंच, घंटी हवी (तिथं नियमच आहे, माणसाला ओलांडताना वाजवायची). राहायला वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर सायकलवाल्यांसाठी तंबूच्या जागा आहेत, पैसे नाहीत, एका जागी एकच रात्र. हातपंप आहे, पाण्याला औषधाची चव लागते, लिंबू न्या. थंडीत पंपाचे दांडे काढून ठेवतात.

– सोलापूरहून

*

दादांनी छान लिहिलंय. मी पिट्सबर्गचा, माझं थोडं वेगळं मत. पाऊस झाला की कॅनॉलची वाट चिखल होते, नुसता चिकटा, मडगार्डमध्ये भरून चाक फिरत नाही. आमच्याकडची गॅप ट्रेल (ग्रेट ॲलेगेनी पॅसेज) ही जुन्या रेल्वेची वाट आहे, कंबरलँडपर्यंत १५० मैल, बारीक चुनखडी टाकलेली, पाणी लगेच निचरतं. वहिनी, लहान मुलाला पहिल्यांदा नेताय तर फ्रॉस्टबर्गपासून कंबरलँडला उतरा, सोळा एक मैल सगळा उतार, पोरगं खूष होईल. दादांच्या बाबांना पण तेच बरं, ६८ म्हणजे खेळ नाही.

– पिट्सबर्गचा काका

*

काका, चिखलाचं तुमचं शंभर टक्के खरं. दुसऱ्या खेपेला मीही काडीनं माती खरवडत बसलोय. पाऊस होऊन गेला असेल तर दोन दिवस थांबायचं, वहिनी, हे लिहून ठेवा.

पण उताराचं मला पटत नाही. उतारावर ९ वर्षांच्या मुलाचा हात ब्रेकवर आणि आईचा जीव टांगणीला. आणि बाबांना मी काल विचारलं, दोन्ही समजावून सांगितलं, एक वाट घाटातनं खाली येणारी, एक पाटाच्या कडेची. ते म्हणाले, पाणी बाजूला असलं की मला अंतर कळत नाही. तेव्हा आमचं ठरलं.

वहिनी, तुमच्यासाठी मी असं सुचवेन. हॅनकॉकला सुरू करा. पहिल्या दिवशी विल्यम्सपोर्ट, २५ मैल, सकाळी अर्धं, जेवून उरलेलं. दुसऱ्या दिवशी शेफर्ड्सटाऊनच्या पुलापर्यंत २७, ह्यात बिग स्लॅकवॉटर लागतं, तिथं कॅनॉल खणलाच नाही, बोटी सरळ नदीत उतरायच्या, वाट कड्याला लगटून पोटोमॅकच्या अगदी पाण्यावर आहे, २०१२ ला काँक्रीटनं नीट केली. तिथं मुलाला मध्ये ठेवा. तिसऱ्या दिवशी ब्रन्सविक, १८ मैलच, म्हणजे हार्पर्स फेरीला दोन तास बसता येतं. पोटोमॅक आणि शेनँडोआचा संगम आहे तो. मागच्या रविवारी आईबाबांना हत्तरसंग कुडलला नेलं होतं, भीमा-सीनेच्या संगमावर, १०१८ चा मराठी शिलालेख तिथलाच. घाटावर बसून आईला सांगितलं की तिकडंही असंच दोन नद्या मिळतात आणि काठावर बसता येतं, तेव्हा पहिल्यांदा ती म्हणाली, मग यांना जाऊ दे सायकलवर, मी गाडीतनं पुढं येऊन थांबते.

आम्ही मात्र वरनं, कंबरलँडहून येणार, कारण बाबांना पॉ पॉचा बोगदा दाखवायचाय, ३,११८ फूट, आत दिवे नाहीत, उतरून सायकल ढकलत जायचं, टॉर्च घेऊन, छतातनं थेंब पडतात आणि दुसऱ्या तोंडाचा उजेड आधी नाण्याएवढा दिसतो. तो खोदायला १४ वर्षं लागली. आणि पॉ पॉ हे फळाचं नाव आहे, सीताफळाच्याच कुळातलं, सप्टेंबरात वाटेवर पिकून पडलेलं असतं, आत तसाच मऊ पिवळा गर आणि मोठ्या काळ्या बिया. बार्शीची सीताफळं खाल्लेल्या माणसाला ते हातात द्यायचंय मला.

आज आम्ही २६ किलोमीटर केले. परतताना बाबांनी दुकानातनं पितळी घंटी घेतली, गाडीतच हँडलला बसवली. उद्यापासून कालव्याला पाणी सोडणारेत म्हणून पाचलाच निघतोय.

वहिनी, तुमच्याकडं पॅनिअरचा, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशव्यांचा, जादा जोड होता ना? सप्टेंबरसाठी बाजूला ठेवा.

– सोलापूरहून