धुक्याच्या दिवसांत वाढणारं पिणं: दोष हवेचा की माणसाचा?

लष्करकर
आमच्या नात्यातल्या एका काकांवरून दर डिसेंबरात घरात वाद होतो, म्हणून विषय काढतोय. दिवाळीपर्यंत काका उत्तम असतात. सकाळी फूलबागेकडे चक्कर, संध्याकाळी बाड्यावर, म्हणजे महाराज बाड्याच्या चौकात, मित्रमंडळी. एकदा का ग्वाल्हेरला कोहरा (दाट धुकं) धरला, की अकरा वाजले तरी रजाईतून बाहेर येत नाहीत. पडदे ओढलेले, हीटर चालू, उशाशी गजकचा (तीळगुळाच्या मिठाईचा) डबा, आणि तो बघता बघता रिकामा. फोन उचलत नाहीत, कुणी आलं तर झोपल्याचं सांगायला लावतात. हे असं दोन-तीन आठवडे चालतं आणि मग पिणं वाढतं. आधी शनिवारचं, मग रोजचं, मग साडेपाचला दिवस मावळायचीही वाट बघत नाहीत.

घरच्यांना फक्त बाटली दिसते, त्याआधीचे आठवडे कुणी बघत नाही. खूप झोप, गोडाची ओढ, माणसं टाळणं ही हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याची ठरलेली लक्षणं आहेत. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली अमेरिकेत त्यांचं वर्णन केलं. आमच्याकडे फेब्रुवारीत काकांना देवापुढे उभं करून शपथ घालतात. मार्चमध्ये ऊन पडतं, काका सावरतात, आणि श्रेय शपथेला जातं. नोव्हेंबरात पुन्हा तेच. माझं ठाम मत आहे की पिणाऱ्याला ‘किती पितोस’ याच्याबरोबर ‘कोणत्या महिन्यापासून’ हेही विचारलं पाहिजे.

जिवाजीगंजवाले
तुमची कळकळ समजते, पण मला हे पटत नाही. ग्वाल्हेर 26 अंश अक्षांशावर आहे. सगळ्यात लहान दिवससुद्धा इथे साडेदहा तासांचा असतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला महिना-दोन महिने सूर्य उगवत नाही, त्यांचं दुखणं आपण आपल्याला कशाला लावून घ्यायचं? आणि तिकडेही या आजाराबद्दल एकमत नाही. 2016 साली अमेरिकेतल्या 34 हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात नैराश्य आणि ऋतू किंवा उजेड यांचा संबंध सापडला नाही.

दुसरं, दारू स्वतःच मन खाली ओढते. काका उदास आहेत म्हणून पितात, की पितात म्हणून उदास आहेत? थंडीत लग्नं असतात, बैठकी असतात, ‘रमने ऊब येते’ हा समज असतो. खरं तर दारूने कातडीकडे रक्त जास्त जातं म्हणून गरम वाटतं, आतून शरीर थंडच पडतं. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत बिअर पिणारे आहेतच, त्यांना कोणता आजार म्हणायचा? पिणाऱ्याच्या हातात असं भारदस्त नाव दिलं की तो तेच पुढे करतो. माझ्या सख्ख्या भावाने असं प्रत्येक कारण वापरलेलं आहे.

लष्करकर
लग्नांचं म्हणालात, तर डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. आपल्याकडे तेव्हा लग्नं लागतच नाहीत, आणि काकांचे सगळ्यात वाईट दिवस नेमके तेच. दिवस किती तासांचा, यापेक्षा डोळ्यांत उजेड किती जातो ते बघा. पडदे लावलेल्या खोलीत बल्बचा उजेड शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ दिवशी अंगणातसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो. काका त्या अंगणातच येत नाहीत.

त्या पाहणीत सरसकट लोकांना आदल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं होतं. थंडीने सगळे उदास होत नाहीत, एवढं त्यातून कळतं. दर वर्षी त्याच महिन्यांत कोसळणारा एखादा माणूस असूच शकत नाही, असं त्यातून निघत नाही.

कंपूची सून
तुम्हा दोघांचं वाचून राग आला, तो लिहितेच. कोहऱ्यात उदास मीही होते. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, शीतलहरीने मुलांच्या शाळा बंद, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लावावा लागतो. मी पीत नाही. माझ्या उदासीला कुणी महिना विचारलेला नाही.

आमच्याकडे मिस्टर रात्री पिऊन गाढ झोपतात आणि तीनला दचकून उठतात. घाम, छातीत धडधड, मग पहाटेपर्यंत येरझाऱ्या. सकाळी म्हणतात, मन लागत नाही. चार तासांच्या झोपेवर कुणाचं मन लागेल? कारण शोधायला माझी ना नाही, पण कारण सापडेपर्यंत घर कुणी चालवायचं?

समुपदेशनातली ताई
मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे. सूनबाईंनी सांगितलेलं तीनचं जागं होणं अगदी नेहमीचं. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरताना झोप तुटते. आधी काय आलं, हे ओळखायला डॉक्टर पिणं थांबल्यानंतरचे दोन ते चार आठवडे बघतात. दारूमुळे आलेली उदासी बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरू लागते. तरीही टिकली, किंवा न पिण्याच्या काळातही दर हिवाळ्यात येत असली, तर तिचा वेगळा इलाज लागतो. तोही दारूच्या इलाजासोबत, नंतर नाही.

इथे एक धोका आहे. हिवाळी नैराश्य टाळण्यासाठी अमेरिकेत 2006 साली बुप्रोपिऑन या औषधाला मान्यता मिळाली. सिगारेट सोडवायलाही तेच देतात. म्हणून कुणी ऐकीव माहितीवर ते आणून देतात. पण त्याने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि जास्त पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट तशीही येऊ शकते. दोन्ही एकत्र आलं तर जिवावर बेतेल. सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे, पण ज्यांना अधूनमधून अति उत्साहाचे झटके येतात त्यांनी तोही डॉक्टरांना विचारूनच करावा. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडायला लावू नका. हात थरथरणं, भास होणं, बरळणं दिसलं की थेट दवाखाना. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर 14416. सूनबाई, तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

कंपूची सून
नंबर लिहून घेतला. स्वतःसाठी.

जिवाजीगंजवाले
ताई, सोबत इलाज हे मान्य. पण लष्करकर, ऋतूचं कारण काकांना तुम्ही सांगू नका. डॉक्टरांनी तपासून सांगावं. घरच्या माणसाने सांगितलं की त्याची ढाल होते. भावाच्या बाबतीत मी हे बघितलंय, यावरून मी हलणार नाही.

लष्करकर
ठीक. मी काकूंशी बोललो. या वर्षी दसरा झाला की, कोहरा पडायच्या आतच, काकांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. तेव्हा ते शुद्धीत असतात, ऐकतात. फेब्रुवारीची शपथ बंद.

जिवाजीगंजवाले
न्या. आणि त्याच दिवशी घरातली बाटली बाहेर.

समुपदेशनातली ताई
बाटली बाहेर काढायच्या आधी, रोज किती घेतात ते खरं-खरं डॉक्टरांना सांगा. काकूंना सोबत न्या, त्यांना नेमकं माहीत असतं.